मालमोटारींच्या उत्सर्जनाची परीक्षा

मालमोटारीच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक अवस्था एकाच शहराच्या परिसरात पाहावयाची असेल, तर चेन्नईसारखे ठिकाण भारतात क्वचितच सापडेल. शहराच्या उत्तरेस एन्नोर येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. ही कंपनी १९४८ साली अशोक मोटर्स या नावाने स्थापन झाली आणि १९५५ साली तिने आजचे नाव धारण केले. नैर्ऋत्येस ओरगडम येथे जर्मनीच्या डेमलर कंपनीचा कारखाना २०१२ साली सुरू झाला व तेथून ‘भारतबेंझ’ या नावाच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. त्याच ओरगडमला वाहनांची परीक्षा घेणारे एक राष्ट्रीय केंद्र उभारण्यात आले आहे. मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात डिझेल तयार होते. आणि चेन्नई व एन्नोर या बंदरांच्या वाटेवर कंटेनर वाहणाऱ्या मालमोटारी अनेकदा तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या दिसतात.

या मालमोटारींच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, ते किती असावे असे कायदा म्हणतो, आणि ते तितकेच आहे हे ठरवावयाचे कसे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. प्रश्न वरवर सोपा वाटतो. धूर काळा दिसला की वाहन दोषी आणि दिसला नाही की निर्दोष, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

डिझेल इंजिनात प्रथम नुसती हवा दाबली जाते. दाबामुळे ती इतकी तापते की तीत इंधनाचा फवारा सोडताच ठिणगीवाचून ज्वलन सुरू होते. परंतु फवाऱ्यातील सर्व इंधनास हवा सारखी मिळत नाही. जेथे इंधन दाट आणि हवा अपुरी, तेथे काजळी धरते. जेथे हवा भरपूर आणि ज्वाळा अतिशय उष्ण, तेथे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन, जे एरवी शेजारी असूनही एकमेकांची ओळख देत नाहीत, ते संयोग पावतात व नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. धुराड्यातून निघताना हा वायू बहुतांशी रंगहीन असतो. परंतु तो श्वसनमार्गास अपायकारक आहे, उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो आणि हवेतच त्याचे सूक्ष्म कणही बनतात. डिझेलच्या धुरामुळे मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिला.

अभियंत्यांपुढील मुख्य अडचण अशी की, हे दोन दोष तराजूच्या दोन पारड्यांसारखे वागतात. फवारा थोडा लवकर सोडला तर ज्वलन प्रखर होते, इंधन वाचते, काजळी घटते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. फवारा उशिरा सोडला तर उलट घडते. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणारे इंजिन प्रत्यक्षात अधिक घातक वायू सोडीत असण्याचा संभव आहे.

धूरमापकाची साक्ष

रस्त्यावर धावणाऱ्या मालमोटारीची जी नियतकालिक परीक्षा होते, ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिचे प्रमाणपत्र ‘पीयूसी’ या नावाने सर्वांस ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाने ते आवश्यक केले आहे. डिझेल वाहनाच्या बाबतीत गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, ॲक्सिलरेटर एकदम दाबावयाचा व इंजिन त्याच्या कमाल वेगापर्यंत जाऊ द्यावयाचे. त्या वेळी निघणारा धूर एका नळीत घेऊन त्यातून प्रकाशाचा झोत सोडतात. पलीकडे किती प्रकाश पोहोचला यावरून धुराची अपारदर्शकता कळते. ‘हार्ट्रिज’ या एककात ही नळी ४३ सेंटिमीटर लांबीची धरतात आणि अडलेल्या प्रकाशाची टक्केवारी सांगतात. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांस ६५, स्टेज ४ च्या वाहनांस ५० आणि स्टेज ६ च्या वाहनांस २६ ही कमाल मर्यादा आहे.

ही परीक्षा निरर्थक नव्हे. झिजलेले फवारे, तुंबलेला हवेचा गाळक, मनमानी वाढविलेला इंधनपुरवठा हे दोष ती चटकन पकडते. परंतु गाडी उभी असल्याने इंजिनावर स्वतःच्या फिरत्या भागांच्या जडत्वाखेरीज दुसरा भार नसतो. आणि प्रकाशाचा झोत नायट्रोजनच्या ऑक्साइडांविषयी काहीच सांगू शकत नाही. ज्या गाडीची त्या वायूंना आवर घालणारी यंत्रणा मुद्दाम बंद करून ठेवली आहे, तीही या परीक्षेत सहज उत्तीर्ण होऊ शकते. म्हणून खरी कसोटी अगोदरच, इंजिनाचा नमुना विक्रीस मान्य करण्यापूर्वी, प्रयोगशाळेत घ्यावी लागते.

इंजिन खाटेवर

मोटारगाडीची परीक्षा संपूर्ण गाडी फिरत्या रुळांवर चढवून घेतात व उत्सर्जन दर किलोमीटरला किती ग्रॅम असे मोजतात. अवजड मालमोटारीला हा न्याय लागू पडत नाही. एकच इंजिन डंपरमध्ये बसते, टँकरमध्ये बसते आणि बसगाडीतही बसते. ४० टन ओढणाऱ्या गाडीने एका किलोमीटरमागे १६ टनी गाडीपेक्षा अधिक वायू सोडला, तर त्यात गैर काय? म्हणून येथे इंजिन एकटेच घेतात, त्याला डायनॅमोमीटर नावाच्या शक्तिमापकाशी जोडतात आणि केलेल्या कामाच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम, असा हिशेब करतात.

या एककाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादी मालमोटार महामार्गावर तासभर सरासरी १०० किलोवॅट शक्ती वापरीत चालली, तर १०० किलोवॅट-तास काम झाले. १९९६ साली नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा १४.४ ग्रॅम होती. म्हणजे त्या एका तासात जवळजवळ दीड किलो वायू सोडण्यास मुभा होती. स्टेज ३ मध्ये ५००, स्टेज ४ मध्ये ३५० आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या स्टेज ६ मध्ये अवघे ४६ ग्रॅम. मात्र हे आकडे निरनिराळ्या कसोट्यांवरचे असल्याने त्यांची तुलना ढोबळच समजावी. कणांचे वजन एका किलोवॅट-तासास ०.०१ ग्रॅमपर्यंत खाली आणूनही भागले नाही. अतिसूक्ष्म कणांना वजन असे जवळजवळ नसतेच, म्हणून स्टेज ६ मध्ये ते मोजावयाचेही ठरले. त्यांची मर्यादा ६०,००० कोटी आहे. संख्या प्रचंड भासते, परंतु गाळणी नसलेल्या इंजिनास ती पाळणे अशक्यच आहे.

परीक्षेचा मुख्य भाग १,८०० सेकंदांचा असतो. प्रत्येक सेकंदाला इंजिनाने कोणत्या वेगाने व किती जोराने फिरावे हे आधीच ठरलेले असते. चढ, उतार, शहरातील थांबे, महामार्गावरील धाव यांची ती जणू नक्कल असते. प्रथम रात्रभर थंड पडलेल्या इंजिनावर, आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर तापलेल्या इंजिनावर, अशी ती दोनदा घेतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ठराविक अवरक्त किरण शोषतो, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. न जळलेले हायड्रोकार्बन हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून त्यांपासून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजतात. नायट्रिक ऑक्साइडाची रीत विशेष मनोहर आहे. त्याचा ओझोनशी संयोग घडविला असता मंद प्रकाश पडतो आणि तो प्रकाशच त्याचे माप होय.

येथे चेन्नईच्या हवेचा एक प्रश्न उपस्थित होतो. इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याची वाफ अधिक असेल तर ती उष्णता शोषते, ज्वाळा थोडी थंड राहते व नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. म्हणजे समुद्रकाठच्या दमट हवेत घेतलेली परीक्षा आपोआप सोपी होईल! ही पळवाट बंद करण्यासाठी प्रयोगशाळेतील हवा शक्य तितकी नियंत्रित ठेवतात आणि उरलेला फरक सूत्राने दुरुस्त करतात. एक किलोग्रॅम कोरड्या हवेमागे वाफ किती ग्रॅम आहे ते काढावे; त्याला १५.६९८ ने गुणून १,००० ने भागावे आणि ०.८३२ मिळवावे. आलेल्या संख्येने मोजलेला आकडा गुणावा. वाफ सुमारे १०.७ ग्रॅम असेल तर गुणक बरोबर १ येतो.

आता ३२ अंश तापमानाची व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची चेन्नईची हवा घेऊ. तीत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते आणि गुणक १.१९ होतो. अशा हवेत यंत्राने ०.४० ग्रॅम दाखविले, तरी हिशेबात ते सुमारे ०.४८ धरले जाईल आणि ०.४६ ची मर्यादा ओलांडल्यामुळे इंजिन नापास ठरेल. पुण्यात वेताळ टेकडीच्या परिसरात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची प्रयोगशाळा आहे. तेथील उन्हाळ्यातील दुपार ३८ अंशांची व १५ टक्के आर्द्रतेची धरली, तर वाफ अवघी साडेसहा ग्रॅम भरते व गुणक ०.९३ येतो. समुद्राजवळ असल्याचा लाभ चेन्नईस मिळत नाही आणि कोरड्या हवेची शिक्षा पुण्यास होत नाही.

एका प्रश्नाची दोन उत्तरे

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून स्टेज ३ च्या वाहनांची विक्री बंद करण्याचा आदेश दिला. त्या वेळी देशात सुमारे ९६ हजार व्यावसायिक वाहने विक्रीवाचून पडून होती. स्टेज ४ ची मर्यादा गाठण्यासाठी चेन्नईच्या दोन कारखान्यांनी दोन भिन्न मार्ग धरले. एन्नोरच्या कंपनीने धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्यावर भर दिला. त्यामुळे ज्वाळेचे तापमान उतरते व नायट्रोजनची ऑक्साइडे मुळातच कमी होतात. ओरगडमच्या कंपनीने इंजिनास मोकळेपणाने जळू दिले आणि धुराड्यात युरियाचे पाणी फवारले. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो व उत्प्रेरकावर तो त्या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी करतो. पहिल्या मार्गात चालकास वेगळा द्रव भरावा लागत नाही, दुसऱ्यात इंजिनास इंधन काटकसरीने जाळता येते. परीक्षेने मार्ग विचारला नाही, आकडा विचारला, आणि हेच योग्य होते.

स्टेज ६ ने मात्र ही मोकळीक बरीच संपविली. काजळीसाठी गाळणी आणि ऑक्साइडांसाठी युरिया, असे दोन्ही उपाय अवजड मालमोटारींत सर्रास आले. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत उतरविल्यावाचून हे साधले नसते, कारण अधिक गंधकाने उत्प्रेरक निकामी होतो. युरियाला पैसे पडतात, म्हणून तो न भरण्याचा मोह मालकास होतो. टाकी रिकामी झाल्यास इंजिनाचा जोर आपोआप घटावा अशी योजना नियमांत आहे, आणि ती चकविणारी उपकरणेही निघालीच. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाची निर्यात आवळताच दक्षिण कोरियात मालवाहतूक ठप्प होण्याची वेळ आली होती, एवढे या साध्या द्रवाचे महत्त्व वाढले आहे.

प्रयोगशाळेबाहेर

ठरलेल्या परीक्षेचा एक दोष असा की, परीक्षार्थी तिला ओळखू लागतो. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात अवजड इंजिनांवर संगणकाचे नियंत्रण आले. महामार्गावर संथ, एकसारखी धाव सुरू झाली की संगणक फवारा लवकर सोडू लागे. इंधन वाचे, नायट्रोजनची ऑक्साइडे वाढत. पण परीक्षेच्या चक्रात तसा प्रसंग येत नसल्याने इंजिने उत्तीर्ण होत. १९९८ साली तेथील सरकारने सात उत्पादकांशी तडजोड केली. तिचा एकूण बोजा सुमारे १०० कोटी डॉलर होता आणि त्यात ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड होता.

यातूनच मापनयंत्र गाडीवर चढवून प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घेण्याची पद्धत पुढे आली. भारतातही स्टेज ६ बरोबर ती सुरू झाली. आरंभी केवळ माहिती जमविण्यात आली व १ एप्रिल २०२३ पासून तिला बंधनकारक मर्यादा आल्या. मूळ युरोपीय पद्धतीत संपूर्ण फेरीची सरासरी न काढता तिचे सरकते तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात प्रयोगशाळेतील चक्राइतके काम भरले पाहिजे. बहुतेक तुकड्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत असले, की गाडी उत्तीर्ण.

पण कोणते तुकडे मोजावयाचे? आरंभीच्या युरोपीय नियमानुसार ज्या तुकड्यात इंजिनाची सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या २० टक्क्यांहून कमी असेल तो वगळला जाई. पुढे ही पायरी १० टक्क्यांवर आणली गेली. शीतक पाणी ७० अंशांवर जाईपर्यंतचा काळही प्रथम हिशेबात नव्हता. आता बंदराच्या वाटेवरील रांग डोळ्यांपुढे आणावी. मालमोटार दहा पावले सरकते आणि थांबते. इंजिन जवळजवळ रिकामे चालते, त्यामुळे धूर थंड पडतो. युरियाची यंत्रणा सुमारे २०० अंशांखाली नीट काम करीत नाही. म्हणजे शुद्धीकरण जेथे मंदावते, नेमका तोच काळ अल्पशक्तीचा म्हणून गणनेबाहेर राहू शकतो. रांगेतील चालक, त्याच्या केबिनखालील सावलीत बसलेला क्लीनर आणि रस्त्यालगत राहणारी कुटुंबे हवा घेतात ती मात्र त्याच तासांची.

हा दोष तज्ज्ञांच्या ध्यानात आला आहे. कॅलिफोर्नियाने २०२० साली अल्पभाराचे एक वेगळे चक्र परीक्षेत घालण्याचे ठरविले. त्यात इंजिन मुद्दाम दीर्घकाळ रेंगाळत ठेवतात, थंड होऊ देतात आणि मग एकाएकी भार देतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय नियमातही ते स्वीकारले गेले. युरोपने २०२४ साली संमत केलेल्या सातव्या श्रेणीत अवजड इंजिनांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ०.२० ग्रॅम ठेवली असून नव्या नमुन्यांना ती मे २०२८ पासून लागू व्हावयाची आहे.