धम्मपाठ : बुद्धमूर्तीचे लांब कान



वंदना झाल्यावर मुले विचारतात, "भगवान बुद्धांचे कान एवढे लांब का?" जुन्या ग्रंथांनी लांब कान महापुरुषाच्या लक्षणांत धरले आहेत. पण बुद्धीला पटणारा दुसरा अर्थही सांगितला जातो.

कानाच्या पाळीत हाड नसते. भोकात जड दागिना वर्षानुवर्षे राहिला की पाळी ओघळते. दागिना काढला तरी ती पूर्ववत होत नाही. प्राचीन काळी श्रीमंत लोक अशी जड कुंडले घालीत. सिद्धार्थाने गृहत्याग करताना अंगावरचे अलंकार उतरवून छन्नाच्या हाती दिले, असे परंपरा सांगते. अलंकार गेले, ओघळलेली पाळी राहिली. म्हणून मूर्तीचे कान लांब आहेत आणि रिकामे आहेत.

हे डोळ्यांनी पाहायचे तर राजगुरुनगरहून चाकण-तळेगावमार्गे कार्ल्याला जावे. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. त्यांच्या कानांत मोठमोठी भूषणे आहेत. त्याच भिंतीवर काही शतकांनी बुद्धमूर्ती कोरल्या. त्यांच्या कानांत काही नाही.

मग दागिना घालणे पाप आहे काय? नाही. पंचशीलात तशी मनाई नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक तेवढा दिवस अलंकार दूर ठेवतो. महाउपासिका विशाखेपाशी अतिशय मौल्यवान अलंकार होता. तिने त्याचे मोल श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारासाठी खर्च केले, अशी कथा आहे.

पण दागिना माणसाला खाली दाबू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या, चांदीच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. घालायचा तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका. आपल्या आया-आज्यांनी ते ऐकले.

आज दुसरा मोह आहे. लग्नात उठून दिसावे म्हणून कर्ज काढून मोठा झुमका घेतात. भरीव झुमका परवडत नाही, कानालाही पेलत नाही. म्हणून सोनार पातळ पत्र्याचा पोकळ दागिना घडवतो. काहींत आत लाख भरतो. तमिळनाडूतील वृद्ध स्त्रियांचे 'पांबडम' अशाच घडणीचे असते. पोकळ दागिना हलका, म्हणून कानाला बरा. पण तो चेपला तर दुरुस्त करणे कठीण, आणि मोडायला नेला की लाखेचे वजन वजा होते. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, लाख किती ते सांगत नाही. म्हणून पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्यावे. चाकणच्या कारखान्यात पाळ्या करून मिळवलेला पगार पोकळ थाटाच्या हप्त्यांत जाऊ नये. त्यातून मुलीची फी आधी भरावी.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. मूर्तीचे कान रिकामे का?
२. महाडला बाबासाहेबांनी कोणते दागिने टाकायला सांगितले, आणि का?
३. आपल्या घरचा कोणता खर्च केवळ लोकांना दाखवण्यासाठी होतो?