समुद्राला नुसतं ऊन पुरत नाही

१. निळ्याशार पाण्याला भुलू नये. एप्रिलात गोव्याहून खोल समुद्रात गेलं की ऊन रग्गड, पाणी नितळ; पण ते गाळलं तर गाळणकागद जवळजवळ पांढराच निघतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, म्हणजे वनस्पतिप्लवकांची, तिथे उपासमार चाललेली असते. हरितद्रव्याच्या एकेका रेणूला नायट्रोजनचे चार अणू लागतात. कार्बन बांधून घेणाऱ्या प्रथिनांची मागणी तर त्याहून किती तरी मोठी. हा नायट्रोजन पुरवणारं नायट्रेट असतं खाली, अंधारात, आणि वरचा तापलेला हलका थर त्याला वर येऊ देत नाही.

२. उन्हाआधी वारा पाहावा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, तरी अरबी समुद्र तेव्हा हिरवा होतो. नैर्ऋत्येचा वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी दूर लोटतो, त्याच्या जागी खालचं नायट्रेटनं भरलेलं पाणी येतं. हिवाळ्यात उत्तर भागात कोरडे, गार वारे वरचं पाणी थंड करतात. ते जड होऊन बुडतं आणि खालचं वर येतं.

३. चिमूटभर लागतं तेही मोजावं. दक्षिण महासागरात नायट्रेट मुबलक, तरी बऱ्याच भागात प्लवक विरळ, कारण लोह नाही. लोहाशिवाय पेशीतली इलेक्ट्रॉनांची साखळी अडते. शोषलेला प्रकाश कामी येत नाही, त्यातला काही चमकून बाहेर पडतो. ही चमक मोजणाऱ्या फ्लुओरोमीटरवर ते लगेच कळतं. हा तुटवडा फार काळ लपून राहिला, कारण लोखंडी जहाजावरून घेतलेल्या नमुन्यांत जहाजाचंच लोह मिसळत होतं. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांच्या गटानं १९८०च्या दशकात ते कटाक्षानं टाळलं, तेव्हा खरे आकडे हाती आले. १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ पाण्यात लोह सोडलं, तर दिवसभरातच प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता वाढली. नमुना घेताना गंजक्या तारेची मला आजही धास्ती वाटते.

४. एक उणीव भरली की दुसरी पुढे येते. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांसोबत दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला. ३०० चौरस किलोमीटरवर लोह पसरलं, हरितद्रव्य वाढलंही. पण तिथलं सिलिकेट आधीच संपलेलं. डायटम या प्लवकांना त्यातून बनणारं कवच बांधता येईना. वाढले ते बारीक प्लवक, आणि कोपेपॉड या इवल्या प्राण्यांनी ते फस्त केले. खोल पाण्यात कार्बन फारसा गेलाच नाही. लोह ओतून हवेतला कार्बन समुद्रात पुरू, असं कुणी म्हणालं की मी आधी सिलिकेटचे आकडे मागतो, मग कोपेपॉडांचे.