चवदार तळ्याची वाट आणि कोकणचे ऊन

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागोमाग अनुयायांनी ते प्राशन केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी मार्चमध्ये असंख्य कुटुंबे कोकणात उतरतात. आमच्या वसतिगृहातील मुलेही अनेकदा गेली आहेत. क्रांतिभूमीला वंदन करताना तेथील हवामानही समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही मराठवाड्याची माणसे कोरड्या उन्हात वाढलो. घाम वाळतो तेव्हाच तो देहाची उष्णता घेऊन जातो. कोकणच्या बाष्पाने भरलेल्या हवेत तो नुसताच ओघळतो. पाणी व मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून गावाकडचे 40 अंश सोसणारा माणूस दमट हवेच्या 35 अंशांतही कोसळू शकतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले. तेथे विदर्भासारखे 45 अंश तापमान नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

एका सहलीत आमची सातवीतील एक विद्यार्थिनी महाडमध्ये भोवळ येऊन पडली. सावलीत नेऊन पाणी दिल्यावर ती सावरली. मग कळले की, वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या संकोचाने तिने सकाळपासून पाणीच घेतले नव्हते. पाण्याच्या हक्काचा इतिहास शिकविण्यासाठी आम्ही तिला नेले होते आणि ती तहानलेली होती! दोष तिचा नव्हता, आमच्या नियोजनाचा होता. तेव्हापासून बस कोठे थांबणार आणि मुलींची सोय कोठे होणार, हे आम्ही आधी ठरवितो.

प्रवासात पुढील दक्षता घ्यावी. दुपारी बारा ते तीन उघड्यावर चालणे टाळावे. शुभ्र वस्त्रे आपल्या परंपरेतीलच आहेत. ती सैल, सुती व पूर्ण बाह्यांची असावीत. डोक्यावर छत्री, रुंद काठाची टोपी किंवा ओढणी असावी. ढगाळ आकाशातूनही अतिनील किरणे येतात. उन्हापासून बचावाचे मलम लावल्यास ते घामाने निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. फार घाम आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घ्यावे. बंद मोटारीत लहान मुलांना क्षणभरही ठेवू नये.

डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही पूर्वसूचना होय. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आजारी पडलेल्या, कोणीही विचारपूस न केलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः पाण्याने धुतले व मंचकावर निजविले. आपल्या जथ्यात मागे पडलेल्या वृद्धाला, गर्भवतीला, अबोल मुलीला थांबून पाणी विचारणे हे त्याच शिकवणीचे आचरण होय. ज्या तळ्याने आपल्याला पाणी दिले, त्याच्या वाटेवर कोणीही तहानलेले राहू नये.