'आम्ही' की 'आपण'? : सांत्वनपत्राचा एक पाठ

इंदूरला रविवारी सकाळी मी मराठीचा एक छोटा वर्ग घेतो. पंधरा-सोळा मुलेमुली, बहुतेक महाविद्यालयात जाणारी. घरी मराठी बोलतात. शिक्षण मात्र हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातले. पत्रलेखनाच्या पाठात मी दरवर्षी एक विषय देतो : मित्रावर कठीण प्रसंग आला आहे, त्याला पत्र लिहा. यंदा एका विद्यार्थिनीने वही पुढे केली आणि हळूच म्हणाली, "सर, हे खरंच पाठवायचं आहे." तिच्या मैत्रिणीचे वडील आठवड्यापूर्वी वारले होते.

पत्र असे होते : 'तुझ्या वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून मला अत्यंत दुःख झाले. तू हिंमत ठेव. चिंता नको करू. आईला सांभाळ. आम्ही यातून नक्की बाहेर पडू.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. यातून कोण बाहेर पडणार? 'आम्ही' म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसे. जिच्याशी बोलायचे ती त्यात नाही. म्हणजे मैत्रिणीला नेमके उलटे कळवले गेले होते : आम्ही सुटू, तुझे तू बघ.

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही'तून ऐकणारा वगळला जातो, 'आपण'मध्ये तो धरला जातो. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. त्यामुळे वडोदऱ्याच्या किंवा हैदराबादच्या शिक्षकांना तो परिसरातल्या भाषेचा दाखला देऊन शिकवता येतो. प्रमाण हिंदीत एकटे 'हम' आणि आजच्या कन्नडात एकटे 'नावु' आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव इथल्या शिक्षकाला जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

तरीही ही चूक हिंदीमुळे झाली, असे म्हणून मला मोकळे होता येईना. कारण इंदूरच्या बोलीतल्या हिंदीत 'अपन' आहेच. 'अपन चलते हैं' हे वाक्य इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. मी तिला विचारले, "फोनवर तिला काय म्हणाली असतीस?" ती चटकन म्हणाली, "आपण बघू गं सगळं." म्हणजे भेद तिला ठाऊक होता. पत्र लिहायला बसल्यावर तिने दुःखाला शोभेल अशी पुस्तकी भाषा शोधली आणि त्या भाषेत 'आपण' हरवले. 'निधनाची वार्ता'ही तिथूनच आली. 'बाबा गेल्याचं कळलं' हे तिला फारच साधे वाटले होते.

याचे एक कारण मला आमच्या शहराच्या रिवाजात दिसते. इथल्या वर्तमानपत्रांत रोज 'उठावना'च्या जाहिराती असतात आणि मराठी घरांतही तो शब्द आता रुळला आहे. ठरल्या वेळी सगळ्यांनी जायचे, बसायचे, हात जोडून निघायचे. सोय आहे, तक्रार नाही. पण पूर्वी लोक एकेकटे घरी समाचाराला येत आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलांच्या कानावर मोठ्यांचे बोलणे पडे. 'व्हायला नको होतं', 'काय बोलावं कळत नाही', 'जेवलीस का?' ही वाक्ये कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात. ती ऐकूनच यावी लागतात.

बाकीच्या दुरुस्त्या लवकर झाल्या. 'हिंमत ठेव'च्या जागी 'धीर धर' आले, 'चिंता नको करू'च्या जागी 'काळजी करू नकोस'. इथे वर्गाला एक गंमत सांगितली : काळजी 'करू नकोस' आणि काळजी 'घे', नाम एकच, पण क्रियापद बदलले की अर्थ पालटतो. दुसऱ्या एकाच्या वहीत 'मला तुझी कीव येते' असे होते. त्याला 'दया' म्हणायचे होते आणि तीही नको होती. 'मला फार वाईट वाटलं' एवढेच पुरे.

सल्ल्याचा भाग मात्र अवघड. त्यासाठी मी वर्गाला माझेच एक जुने पत्र वाचून दाखवतो. अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका जिवलग मित्राची पत्नी गंभीर आजारी होती. मी त्याला दोन पानी पत्र लिहिले. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला आहे. 'डॉक्टर बदल. दुसऱ्याचं मत घे. रजा टाक. पथ्य पाळायला लाव. रडत बसू नकोस.' मुलांना मी क्रियापदांखाली रेघा ओढायला सांगतो. नऊ आज्ञार्थ निघतात. 'मी' हा शब्द एकदाच येतो, तोही 'मी तुला आधीच म्हटलं होतं' या वाक्यात. मित्राचे पोस्टकार्ड आले : 'पत्र पोचले. सूचना वाचल्या.' पुढे बरेच दिवस काही नाही.

सल्ले चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. पण मी त्याला कामाला लावले होते आणि त्याच्याकडे आधीच खूप काम होते. तेच म्हणणे विध्यर्थात असे होते : 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावंस असं वाटतं.' प्रश्न केला तर : 'दाखवून बघायचं का?' इथे नाही म्हणायला वाव राहतो. आणि तिसरे रूप : 'शनिवारी रिपोर्ट घेऊन आपण जाऊ या.' हे वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःचा शनिवार मोकळा ठेवावा लागतो. मी तेव्हा ते लिहिले नाही, कारण मला जायचे नव्हते. रुग्णालयाची मला भीती वाटे.

म्हणून 'आपण'ची मुलांना सरसकट शिफारस करत नाही. 'आपण धीर धरला पाहिजे', 'आपण सकारात्मक राहिलं पाहिजे' या वाक्यांत बोलणारा काहीच उचलत नाही. तो उपदेशच, फक्त अनेकवचनी. नापास झालेल्या मित्राला 'आपण पुन्हा अभ्यास करू' म्हणायचे तर वही घेऊन त्याच्या घरी जावे लागेल. जाणार नसाल तर 'तू' बरा.

त्या विद्यार्थिनीने पत्र पुन्हा लिहिले. चारच ओळी होत्या : 'बाबा गेल्याचं कळलं. काय लिहू समजत नाही. रविवारी दुपारी येते. बँकेचे कागद आपण दोघी मिळून लावू.' वर 'श्री' घातला होता, तो तिने स्वतःच खोडला. दुःखाच्या पत्रावर तो घालत नाहीत हे तिला आजीने सांगितले होते.

मग निघण्याचा विषय आला. एरवी आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दुःखाच्या घरातून निघताना मात्र 'येतो'सुद्धा म्हणत नाहीत, न बोलता उठतात. वर्गातल्या निम्म्यांना हे नवीन होते. एकाने विचारले, "आणि फोन ठेवताना, सर? तिथे न बोलता कसं ठेवायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आमची आत्या म्हणते, उद्या करते गं फोन. आणि करते."