ओल्या पॅलेटवर रंग पाण्यासारखा पसरतो

प्रश्न : मी २८ मिमीच्या गेमिंग मिनिएचर्स ॲक्रिलिकने रंगवतो. प्लेटमध्ये काढलेला रंग पंख्याखाली लगेच वाळतो, म्हणून घरीच ओली पॅलेट बनवली. आता रंग उलट पातळ होऊन पसरतो. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा पाणी जास्त होतंय. ॲक्रिलिक वाळतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यामुळे, आणि एकदा वाळला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. ओल्या पॅलेटमध्ये खालच्या स्पंजातलं पाणी कागदातून थोडं थोडं झिरपून ही तूट भरून काढतं.

घट्ट झाकणाच्या उथळ डब्यात सपाट स्पंज पूर्ण भिजवा, पण वर पाणी साचू देऊ नका. त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद ठेवून खालचे हवेचे बुडबुडे बोटाने बाहेर काढा. कागदाचा वरचा भाग फक्त दमट लागला पाहिजे. पाणी तरंगत असेल तर टिपून घ्या. मेणाचा थर असलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंगात वेगळं पाणी घालायचं ते ब्रशच्या टोकाने, थेंबाथेंबाने.

धातूच्या चमकीचे रंग आणि वॉश मात्र कोरड्या प्लेटमध्येच घ्या. चमकीचे कण पाण्यात सुटून शेजारच्या रंगांत मिसळतात.

झाकण लावल्यास मिश्रण दोन-तीन दिवस सहज टिकतं. बुरशीचा वास आला, तर कागद फेकून स्पंज साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा.