ट्रॅप, पॅनिक आणि अतिशहाणा कंपायलर

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘इंटरप्ट आणि ट्रॅप यांतील फरक सांगा’ हा प्रश्न ठरलेलाच. आपण चार ओळी पाठ करतो, मार्क पडतात, विषय संपतो. पण छोटंसं कर्नेल स्वतः लिहायला बसलं की खरी गंमत कळते.

आपल्या बीड जिल्ह्यात ज्यानं विहिरीवरची मोटार चालवली आहे, त्याला ‘ट्रिप होणं’ समजावून सांगायला नको. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजमध्ये करंट वाढतो, रिले स्टार्टर पाडतो आणि वाइंडिंग वाचतं. वैतागून रिले बायपास केला तर मोटार जळते. कर्नेल पॅनिकही असंच. मशीन थांबलं म्हणून आपण चिडतो, पण बिघडलेल्या डेटानिशी ते पुढं चाललं असतं तर डिस्कवरच्या फाइल्सही खराब झाल्या असत्या.

आता प्रोसेसर काय करतो ते पाहू. एक्स-८६ वर अपवादांसाठी २५६ नोंदींचा तक्ता असतो. शून्यानं भागलं तर नोंद ०, अवैध सूचना आली तर ६, पेज फॉल्ट झाला तर १४. प्रोसेसर परतीचा पत्ता आणि फ्लॅग्ज स्टॅकवर ठेवून त्या नोंदीतल्या हँडलरकडे उडी मारतो. पेज फॉल्टमध्ये ज्या पत्त्यावर अडलं तो सीआर-२ रजिस्टरमध्ये मिळतो. चूक युजर प्रोग्रॅमची असेल तर लिनक्स त्याला सिग्नल देतं आणि बहुधा तेवढाच प्रोग्रॅम मरतो. चूक कर्नेलचीच असेल तर ‘ऊप्स’चा मजकूर छापून शक्य तिथं त्या प्रोसेसपुरतं निभावलं जातं, इंटरप्ट हाताळताना तसं झालं तर मात्र पॅनिक. हँडलरकडे जाता जाताच पुन्हा फॉल्ट झाला तर ८ नंबरचा डबल फॉल्ट, आणि तोही हाताळता आला नाही तर ट्रिपल फॉल्ट, म्हणजे मशीन थेट रीसेट. स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नाही!

नवशिक्यांचा हमखास घोळ इथं होतो. ८ आणि १० ते १४ या अपवादांत प्रोसेसर स्टॅकवर एक एरर कोड जादा ठेवतो. ० आणि ६ मध्ये ठेवत नाही. तो न काढता परत फिरलात, तर तो कोडच परतीचा पत्ता समजला जातो.

दुसरा खेळ कंपायलरचा. ६४ बिटमध्ये तो स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट ‘रेड झोन’ म्हणून खुशाल वापरतो. कर्नेल चालू असताना त्याच स्टॅकवर इंटरप्ट आला की हे बाइट पुसले जातात. म्हणून कर्नेल ‘नो रेड झोन’ पर्याय देऊन कंपाइल करावं लागतं.

२००९ सालचं लिनक्सच्या टन ड्रायव्हरचं प्रकरण तर प्रत्येकानं अभ्यासावं. तिथं पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का, हे पुढच्या ओळींत तपासलं होतं. जीसीसीनं हिशेब केला: ‘वापरलाय म्हणजे नल नसणारच,’ आणि तपासणीच गाळून टाकली. सी भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचं चुकलं नव्हतं. पण हल्लेखोरानं शून्य पत्त्यावर स्वतःचं पेज बसवलं की ट्रॅप लागत नव्हता, तपासणी तर उरलीच नव्हती, आणि रूटचे अधिकार हाती येत होते. त्यानंतर नल तपासण्या काढू नयेत असं जीसीसीला सांगणारा पर्याय लिनक्सच्या मेकफाइलमध्ये घातला गेला.

तेव्हा प्रयोग करायचाच तर क्यूईमूमध्ये करा. रीबूट बंद ठेवून इंटरप्टचा लॉग चालू केला की ट्रिपल फॉल्टच्या आधी कुठला अपवाद आला ते दिसतं. ऑप्टिमायझेशन वाढवल्यावरच कोड बिघडत असेल तर लगेच कंपायलरला शिव्या देऊ नका. ऑब्जडंपनं मशीन कोड उघडा आणि आपण लिहिलेली तपासणी त्यात शिल्लक आहे का, ते आधी बघा.