पिसांच्या जुन्या जाकिटाची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : मी सिअ‍ॅटलला राहतो. जुन्या सामानाच्या विक्रीत एडी बॉवर कंपनीचं पिसांचं जाकीट मिळालं. धुऊन विकावं म्हणतो. किंमत किती सांगू?

उत्तर : कृपया आधी धुऊ नका! जुनं कापड शिवणीशी विरलेलं असतं. ओल्या पिसांच्या वजनाने ते फाटतं. आधी वय ठरवा. एडी बॉवर यांनी ‘स्कायलायनर’ हे पिसांचं जाकीट १९३६ मध्ये तुमच्याच शहरात बनवलं, १९४० मध्ये पेटंट घेतलं. पण लेबलवर पेटंटचा उल्लेख आहे म्हणून जाकीट तेव्हाचं ठरत नाही. ते मॉडेल पुढे अनेक वर्षं विकलं जात होतं. धुण्याच्या सूचनांची पट्टी आत शिवलेली असेल तर ते बहुधा १९७२ नंतरचं, कारण अमेरिकेत ती सक्ती तेव्हा आली.

मग जाकीट उजेडासमोर धरा. पिसं खाली गोळा झाली असतील तर रिकामे कप्पे लगेच दिसतात. कुबट वास, बदललेली चेन, पुसट लेबल यांनी भाव उतरतो. मूळ चेन मात्र अडकत असली तरी बदलू नका, संग्राहकांना तीच हवी असते. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवर जाऊ नका, प्रत्यक्ष झालेले सौदे पाहा. आणि दोष असतील ते फोटोत स्पष्ट दाखवा.